विमानतळांमधील अंतर मोजणारे संकेतस्थळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे परवडणारे तिकीट या संकेतस्थळामुळे गेल्या महिन्यात माझ्या हातून निसटले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मुलगी तिकडे राहत असल्याने वर्षातून एकदा जाणे होते आणि भाडे किलोमीटरमागे किती पडते, हे वहीत मांडल्याशिवाय मी तिकीट काढत नाही.

पहिल्या प्रवासानंतर माझे मत वाईटच होते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर येथे सुमारे १२,४०० किलोमीटर दिसते आणि विमानातल्या पडद्यावरचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. हे मत मी मागे घेतो. संकेतस्थळ पृथ्वीच्या गोलाईवरील सर्वांत जवळची रेषा मोजते. घरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो दिल्लीहून हिमालय आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जातो. तिबेटच्या पठारावर केबिनमधील हवेचा दाब गेला, तर विमानाला सुरक्षित उंचीपर्यंत खाली येण्यास वाव नसतो, म्हणून ती वाट सहसा टाळली जाते. २०१६ साली एअर इंडियाने याच प्रवासासाठी अटलांटिकवरचा सुमारे १३,९०० किलोमीटरचा मार्ग सोडून पॅसिफिकवरचा सुमारे १५,३०० किलोमीटरचा मार्ग धरला आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या बळावर वेळ वाचवला. तेव्हा आकडा बरोबर होता. माझीच अपेक्षा चुकीची होती.

मैलांच्या बाबतीत मात्र मी मुळीच नमते घेणार नाही. नव्या मांडणीत किलोमीटरऐवजी मैल आपोआप निवडलेले येतात आणि पुढे नुसते ‘मैल’ एवढेच लिहिलेले असते. मुंबईहूनचे अंतर सुमारे ७,३०० आले, मी १.६०९ ने गुणून ११,७५० किलोमीटर धरले, दर महाग ठरला आणि तिकीट सोडले. चार दिवसांनी वही चाळताना दिल्लीचे १२,४०० समोर आले. ही रेषा उत्तरेकडून जात असताना दक्षिणेची मुंबई दिल्लीपेक्षा जवळ असेलच कशी? ते मैल सागरी होते, म्हणजे प्रत्येकी १.८५२ किलोमीटरचे, आणि खरे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर होते. पावणेदोन हजार किलोमीटर माझ्या हिशेबातून गळाले होते आणि तोवर भाडेही वाढले होते. वैमानिकांना सागरी मैलच लागतात, हे मला मान्य आहे. पण ‘सागरी’ हा एक शब्द छापण्यास कितीशी जागा लागते?

संकेतस्थळ चालवणाऱ्यांना मी दोनदा लिहिले, उत्तर आलेले नाही. ते मोफत आहे, जाहिराती कमी आहेत आणि आकडे अचूक आहेत, म्हणून वापर सुरूच ठेवला आहे. मात्र दर वेळी आधी किलोमीटर निवडतो आणि दिल्लीचा आकडा १२,४०० च्या आसपास येतो का, हे पाहूनच पुढचे अंतर वहीत उतरवतो.