इमोजेनच्या शोधात: अमेरिकेच्या सरकारी नावसेवेचा अनुभव

शेक्सपिअरच्या 'सिम्बेलीन' या नाटकाच्या भाषांतरावर काम करताना नायिकेच्या नावाला अर्ध्या पानाची टीप जोडायची होती. इमोजेन हे नाव आज मुलींना ठेवले जाते का, जात असल्यास साधारण किती, आणि ते मुळात आले कुठून, एवढेच तीन प्रश्न होते. त्या अर्ध्या पानाने माझे दोन आठवडे घेतले. (भ्रमणध्वनीवर हे नाव लिहू लागले की कळफलक दर वेळी 'इमोजी' सुचवतो, हा त्रास वेगळाच.) या शोधात सर्वांत जास्त उपयोगी पडली आणि सर्वांत जास्त चकवाही देऊन गेली ती अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याची नावांविषयीची सेवा. दुर्मीळ नावाचा माग काढणाऱ्याला ती कितपत कामाची आहे, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

सुरुवात मी या सेवेपासून केली नव्हती. मुलांच्या नावांचे अर्थ सांगणारी संकेतस्थळे पैशाला पासरी आहेत, त्यांपैकी एकावर मी आधी गेलो. तिथे इमोजेनचा अर्थ 'प्रतिमा' असा दिला होता, त्याखाली या नावाच्या मुलीचा स्वभाव, भाग्यांक आणि अनुकूल रंग. हा अर्थ कशावरून, याबद्दल चकार शब्द नव्हता. लॅटिनमधल्या 'इमागो' या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यावरून कुणीतरी तो जुळवला असावा आणि पुढे तो एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेला असावा. तो मी टीपेच्या पहिल्या खर्ड्यात घेतला आणि नंतर खोडला, हे कबूल करायला हवे.

सरकारी सेवेचा पहिला गुण असा की ती अर्थाच्या वाटेला जातच नाही. ती फक्त मोजते, आणि आपण काय मोजतो व काय मोजत नाही हे स्वच्छ सांगते. सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी (नोकरी व निवृत्तिवेतनाच्या हिशेबाकरता अमेरिकेत दिला जाणारा सरकारी क्रमांक) आलेल्या अर्जांवरील पहिले नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरून वर्षवार आकडे काढले जातात. १८८० पासूनची वर्षे उपलब्ध आहेत, नोंदणी करावी लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. हा उपक्रम १९९७ मध्ये मायकेल शॅकलफोर्ड या त्या खात्यातल्या विमागणितज्ञाने सुरू केला. स्वतःचे नाव पदोपदी भेटत असल्याने आपल्या अपत्याला फार प्रचलित नाव नको, अशी त्याची इच्छा होती. त्याची तक्रार रास्तच म्हणावी लागेल, कारण १९५४ ते १९९८ या काळात १९६० चा अपवाद सोडला तर अमेरिकेत मुलग्यांच्या नावांत मायकेल सतत पहिल्या क्रमांकावर होते. म्हणजे नेहमीचे नाव टाळू पाहणाऱ्यासाठी ही सेवा जन्माला आली. नेमके दुर्मीळ नाव शोधणाऱ्याची मात्र ती पहिल्या पायरीवर निराशा करते.

याचे कारण तिच्या मुख्य पानावरच्या शोधचौकटीत आहे. तिथे नाव लिहिले की फक्त ज्या वर्षी ते पहिल्या १००० नावांत होते त्याच वर्षांचा क्रमांक मिळतो. हजाराच्या बाहेर असलेल्या वर्षांसाठी काहीच येत नाही, आणि घाईने पाहणारा माणूस या 'काहीच नाही' चा अर्थ 'हे नाव कुणी ठेवलेच नाही' असा लावतो. मीही तसाच लावला होता. इमोजेन हे नाव अमेरिकेत बहुतेक वर्षे या हजाराबाहेरच राहिले आहे, त्यामुळे या चौकटीपुरते पाहिले तर ते नाव तिथे जवळजवळ नव्हतेच, असा समज होतो.

खरी सेवा त्या चौकटीत नसून त्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येणाऱ्या संपूर्ण माहितीच्या संचात आहे, आणि तो दुवा अधिक ठळक का ठेवला नाही, हे मला उमगलेले नाही. या संचात प्रत्येक वर्षाची एक साधी मजकूर फाइल असते आणि एका ओळीत नाव, लिंगाचे आद्याक्षर व संख्या, मध्ये स्वल्पविराम, याखेरीज काही नसते. १८८० ची फाइल उघडली की पहिली ओळ मेरी या नावाची, संख्या ७०६५. तिच्याखाली ॲना, मग एमा. तिथून खाली सरकत जावे तसे आकडे हजारांवरून शेकड्यांवर आणि शेकड्यांवरून दहांवर येतात, आणि शेवटी ५ या एकाच आकड्याची लांबलचक पट्टी लागते, तिच्यातली नावे मात्र वर्णक्रमाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत लावलेली. मुलींची यादी तिथे संपते आणि पुढच्या ओळीपासून मुलग्यांची सुरू होते. दुर्मीळ नावांची सगळी वस्ती या तळाच्या पट्टीत आणि तिच्या थोडी वर आहे. इमोजेनसाठी एकेक वर्ष उघडून पाहताना मी बराचसा वेळ तिथेच घालवला.

ही पट्टी ५ वर थांबते ती योगायोगाने नव्हे. एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी मुलींना दिलेले नाव खासगीपणाच्या कारणावरून यादीतून वगळले जाते. चार मुलींचे नाव आणि एकाही मुलीचे नसलेले नाव या यादीत सारखेच दिसतात, म्हणजे दोन्ही दिसत नाहीत. राज्यवार फाइलींत, ज्या १९१० पासून आहेत, हाच नियम प्रत्येक राज्याला वेगळा लागतो. त्यामुळे एखादे नाव पन्नास राज्यांत प्रत्येकी चार मुलींना ठेवले, तर देशाच्या फाइलीत ते २०० या आकड्यासह दिसेल आणि राज्यांच्या एकाही फाइलीत दिसणार नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, तो असायलाच हवा. परंतु शोधचौकटीत 'पहिल्या हजारांत नाही', 'पाचपेक्षा कमी' आणि 'आढळले नाही' हे तीन प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखता आले असते, तर माझ्यासारख्यांची दिशाभूल टळली असती.

दुसरी अडचण लेखनाची आहे. ही सेवा एकाच नावाची निरनिराळी स्पेलिंगे एकत्र करत नाही. इमोजेन आणि शेवटी एक 'ई' वाढवलेले इमोजीन ही तिच्या लेखी दोन स्वतंत्र नावे आहेत, आणि अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरेच अधिक रुळलेले होते. पहिल्या हजारांत त्याचे क्रमांक सापडतात ते त्याच काळात. १९०८ मध्ये जन्मलेली विनोदी अभिनेत्री इमोजीन कोका हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. एकच स्पेलिंग शोधून निष्कर्ष काढणारा माणूस निम्मी गोष्ट गमावतो. उलट जोडरेघ आणि मधली मोकळी जागा मात्र सेवा काढून टाकते, त्यामुळे दोन शब्दांचे नाव आणि तेच सलग लिहिलेले नाव एकाच ओळीत येते. नोंदींवर संपादकीय हात फिरवलेला नाही, हेही ती प्रांजळपणे सांगते: लिंगाची नोंद चुकलेली असू शकते, आणि 'बेबी' किंवा 'अननोन' असे लिहिलेले अर्जही नाव म्हणूनच मोजलेले आहेत.

जुन्या वर्षांचे आकडे वापरताना तर फारच जपावे लागते. सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ चा आणि क्रमांक देण्यास सुरुवात १९३६ च्या अखेरीस झाली. म्हणजे १८८० च्या फाइलीत त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्या मुली नसून, त्यांपैकी ज्या पुढे इतकी वर्षे जगल्या आणि ज्यांनी कधीतरी अर्ज केला, तेवढ्याच आहेत. सुरुवातीला शेतमजूर आणि घरकामगार या कायद्याच्या कक्षेबाहेर होते, त्यामुळे अनेकांना अर्ज करण्याचे कारणच नव्हते. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांचा जन्म १८८३ चा. त्या पिढीतल्या किती इमोजेन या यादीत पोहोचल्या आणि किती वाटेतच राहिल्या, हे फाइल सांगू शकत नाही. नावाचा 'उदय' म्हणून काढलेले कित्येक आलेख प्रत्यक्षात अर्जदारांच्या वाढीचे असतात. १९३७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी अर्जच केला नव्हता, ही गोष्ट सेवेच्या माहितीपानावर आहे. ते पान वाचणारे थोडे.

इंग्लंड आणि वेल्सची आकडेवारी तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे आहे आणि ती जन्मनोंदणीवरून काढलेली असल्याने पाया अधिक भक्कम आहे. वगळण्याची मर्यादाही तीनपेक्षा कमी अशी आहे. सविस्तर याद्या १९९६ पासूनच्याच, त्याआधी १९०४ ते १९९४ दर दहा वर्षांनी पहिली शंभर नावे, एवढेच. त्या याद्यांत इमोजेन गेल्या दशकात मुलींच्या पहिल्या शंभर नावांत आढळते. एका देशात पहिल्या हजाराबाहेर शोधावे लागणारे नाव दुसऱ्या देशात शाळेच्या हजेरीपटावर सहज भेटावे असे आहे. 'दुर्मीळ' हे विशेषण लावण्यापूर्वी कुठे, हे विचारावे लागते, ते यासाठी.

मूळ कोणते, या तिसऱ्या प्रश्नाला या दोन्ही सेवा हात लावत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण या नावाची कुळकथा कोणत्याही आकड्यात मावणारी नाही. 'सिम्बेलीन' प्रथम छापले गेले ते १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, आणि नायिकेचे नाव तिथे इमोजेन असे आहे. मात्र सायमन फोरमन या वैद्य-ज्योतिष्याने १६११ मध्ये हा प्रयोग पाहून जे टिपण केले, त्यात तिचे नाव इनोजेन असे आहे. हॉलिनशेड या इतिहासलेखकाच्या ज्या इतिवृत्ताचा आधार शेक्सपिअर घेत असे, त्यात ब्रिटनचा दंतकथेतला पहिला राजा ब्रूट याच्या पत्नीचे नावही इनोजेनच. आणखी एक पुरावा मला सर्वांत गमतीचा वाटतो. 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' च्या १६०० सालच्या प्रतीत लिओनातोची पत्नी म्हणून इनोजेन रंगमंचावर येते, एकही वाक्य बोलत नाही आणि पुढे कथेत दिसतही नाही. आणि 'सिम्बेलीन' मधल्या नायिकेच्या पतीचे नाव आहे पोस्थुमस लिओनातुस, म्हणजे नावांची तीच जोडी पुन्हा. तेव्हाच्या हस्ताक्षरात इनोजेनच्या (Innogen) इंग्रजी लेखनातल्या लागोपाठच्या दोन 'एन' चे उभे फटकारे 'एम' सारखे दिसत, आणि छापखान्यातल्या जुळाऱ्याने ते तसेच वाचले असावे. १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीच्या संपादकांनी हे मानून इनोजेन असेच छापले; सगळ्यांना ते पटलेले नाही. इनोजेनचा संबंध गेलिक भाषेतल्या मुलगी या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो, आणि 'प्रतिमा' पेक्षा हे कितीतरी अधिक संभवनीय आहे.

म्हणून या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो शोधचौकटीसाठी. फाइलींसाठी पाचही दिले असते. ज्यांना एखाद्या विरळ नावाची खरोखर चौकशी करायची आहे त्यांनी चौकट सोडून थेट संपूर्ण संच उतरवून घ्यावा, शक्य ती सगळी स्पेलिंगे आधी कागदावर लिहून काढावीत आणि १९३७ पूर्वीच्या आकड्यांवरून चढउताराचा निष्कर्ष काढू नये.

माझ्या भाषांतरात नायिकेचे नाव इमोजेन असेच ठेवले आहे, कारण चारशे वर्षे वाचकांना ती याच नावाने भेटत आली आहे, आणि चूक असलीच तरी हजारो मुली ती आपले नाव म्हणून वागवत आहेत. इनोजेन टीपेत गेले. ती अर्ध्या पानाची व्हायची होती, दीड पानाची झाली आहे.