‘हारडांगरमधील लग्नाची वरात’ : एका छापील प्रतीचे परीक्षण

आडोल्फ टिडेमान आणि हान्स गूडे या नॉर्वेजियन चित्रकारांनी 1848 साली मिळून रंगवलेल्या या तैलचित्राची कॅनव्हासवर छापलेली प्रत मी नुकतीच विकत घेतली. मूळ चित्र ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून त्याची रुंदी सुमारे 130 सेंटीमीटर आहे. माझी प्रत जवळपास निम्म्या आकाराची आहे.

या चित्रातील माणसे टिडेमानची, तर निसर्ग गूडेचा. म्हणून प्रतीची खरी कसोटी या दोहोंचा मेळ टिकतो का, हीच आहे. नावेतील मुकुटधारी नवरी, फिडल (व्हायोलिनसारखे लोकवाद्य) वाजवणारा वादक, फ्योर्डचे (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीचे) शांत पाणी, काठावरचे जुने लाकडी चर्च आणि त्यांच्यामागचे हिमाच्छादित डोंगर एकाच उन्हात उजळलेले असल्यामुळेच ही माणसे त्या भूमीतूनच उगवली आहेत, असे वाटते. शतकानुशतकांच्या डॅनिश सत्तेतून 1814 मध्ये बाहेर पडून लगेच स्वीडनशी संयुक्त राजवटीत बांधल्या गेलेल्या नॉर्वेला स्वतःची ओळख हवी होती, आणि शहरी उच्चवर्गावर डॅनिश संस्कृतीची दाट छाया असल्याने ती त्याला शेतकऱ्याच्या पोशाखात, वाद्यात आणि दऱ्याखोऱ्यांत सापडली. 1849 मध्ये क्रिस्टियानियाच्या (आजच्या ऑस्लोच्या) रंगभूमीवर या चित्राचा जिवंत देखावाही, म्हणजे माणसांनी चित्रासारखे स्तब्ध राहून उभे केलेले दृश्यही, सादर झाला होता.

प्रतीत पाण्यातील प्रतिबिंबे आणि दूरच्या डोंगरांची निळसर धूसरता फार सुरेख उतरली आहे. पोशाखांतील लाल रंग मात्र इतका भडक झाला आहे की माणसे निसर्गापासून सुटून वर आल्यासारखी दिसतात, आणि चर्च मागच्या उतारात जवळजवळ विरून जाते. हा दोष किरकोळ नाही, कारण चित्राचा सारा अर्थच त्या एकजीवपणावर उभा आहे.

सोबतच्या माहितीपत्रकात हे ‘ग्रामीण जीवनाचे हुबेहूब चित्रण’ म्हटले आहे, ते मला मान्य नाही. चित्रकारांनी सणाचा दिवस निवडला आहे. भूमिहीन शेतमजुरांचे दैन्य त्यात कुठेच नाही. त्याच 1848 च्या डिसेंबरात मार्कुस थ्राने याने द्रामेन येथे कामगार संघटना स्थापन केली, आणि पुढे असंख्य भूमिहीन ग्रामीण लोक त्या चळवळीत सामील झाले. पत्रकात याविषयी दोन ओळी असत्या, तर या सौंदर्याला बाध न येता त्याचे प्रयोजन अधिक स्पष्ट झाले असते.

कॅनव्हास जाड आहे, चौकट भक्कम आहे. घ्यायचीच असेल तर मोठ्या आकाराची आणि चकाकी नसलेली प्रत घ्यावी, कारण लहान आकारात नवरीचा चेहरा नीट दिसत नाही.