कुझुकिरी की कुझुमोची? एकच खायची असेल तर

जपानमधल्या क्योटो-नाराच्या धावत्या फेरीत कुझु या वेलीच्या एकाच गोड पदार्थाला वेळ मिळणार असेल, तर कुझुकिरी (गार, आरपार पट्ट्या) घ्यावी की कुझुमोची (घोटून केलेला मऊ गोळा), हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मुळात दोन्हीकडे कुझुच्या मुळाचं सत्त्व आणि पाणी, सोबत काळ्या साखरेचा पाक, म्हणजे कुरोमित्सु. जिलेटिन नाही, अंडं नाही, त्यामुळे शाकाहारी माणसालाही निवड मोकळी आहे.

देखणेपणात कुझुकिरी पुढे, हे मान्यच करायला हवं. पाण्यात कालवलेल्या सत्त्वाचा पातळ थर उथळ ताटलीत ओततात आणि ताटली गरम पाण्यावर तरंगत ठेवतात. थर धरला की ताटलीसकट पाण्यात बुडवतात, आणि पांढुरका थर डोळ्यांदेखत आरपार होतो. मग गार पाण्यात तो सोडवून त्याच्या पट्ट्या कापतात. क्योटोच्या गिओन भागातलं कागिझेन योशिफुसा हे जुनं दुकान याच पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. तिथे लाखेच्या सुंदर भांड्यात पट्ट्या आणि पाक वेगवेगळे येतात. क्योटोच्या ऑगस्टमधल्या दमट उकाड्यात पहिला घास घशाखाली उतरतो तेव्हा जीव खरोखर थंडावतो.

माझी अडचण पाचव्या-सहाव्या घासाला सुरू होते. पट्ट्या असतात बर्फाच्या पाण्यात. चॉपस्टिक्सनी उचलून पाकात बुडवायच्या, तर प्रत्येक पट्टीबरोबर थोडं पाणी पाकात जातं. कितीही निथळा, पट्टी इतकी गुळगुळीत असते की पाणी तिच्या अंगाला धरूनच येतं. सुरुवातीला दाट, किंचित कडवट गोडीचा असलेला पाक निम्म्यावर येईतो पातळ होतो आणि शेवटच्या पट्ट्या फिक्या लागतात. शिवाय घाई असतेच. कुझुकिरीचा ताजेपणा जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. नंतर पट्ट्या गढुळतात, त्यांचा लवचिकपणा जातो. यात दुकानाचा दोष नाही, पदार्थाची घडणच तशी आहे. सावकाश खाणाऱ्या मला मात्र हे दरवेळी खटकत राहिलं आणि हळूहळू मी कुझुमोचीकडे वळलो. भराभर खाणाऱ्याला कदाचित काहीच जाणवणार नाही.

कुझुमोची सत्त्व, साखर आणि पाणी एकत्र घोटून करतात. गव्हाचा चीक ज्यांनी घोटला आहे त्यांना हे काम ओळखीचं वाटेल: आधी दुधाळ पाणी, मग तळाशी गुठळ्या, मग अचानक सगळं जड होतं आणि हात भरून येतो. तिथे न थांबता घोटत राहिलं की पांढरेपणा जाऊन गोळा चकाकतो. वर किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, आणि पाक. किनाको पाक धरून ठेवतं, त्यामुळे शेवटचा तुकडाही पहिल्याइतकाच गोड लागतो. आणि कोमट असताना कुझुचा स्वतःचा मंद, मातकट वास येतो. बर्फाच्या पाण्यात तो मला कधी सापडला नाही.

हे सत्त्व स्वस्त का नाही, तेही सांगायला हवं. हिवाळ्यात मुळं खणून, ठेचून, थंड पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन, तळाशी बसलेलं तेवढं ठेवून वरचं तपकिरी पाणी ओतून देतात. नारा भागातल्या योशिनोची ही पद्धत नावाजलेली आहे. मूळ केवढंही मोठं असलं तरी हाती येतं थोडंसंच. घरी करायला पाकीट घेणार असाल तर ‘होन-कुझु’, म्हणजे निव्वळ कुझुचं सत्त्व, बघून घ्या. नुसत्या ‘योशिनो कुझु’मध्ये रताळ्याचं सत्त्व मिसळलेलं असू शकतं, आणि सुपरमार्केटमधल्या वाळक्या कुझुकिरीत बहुतेकदा बटाट्याचंच जास्त असतं.

तोक्योत निवड करणार असाल तर हा हिशेब लागू नाही. तिकडची कुझुमोची गव्हाच्या आंबवलेल्या सत्त्वाची, पांढरट आणि हलक्या आंबूस चवीची. कामेइदो तेन्जिन देवळाजवळचं फुनाबाशिया हे दुकान 1805 पासून ती करतं आणि सत्त्व तब्बल 450 दिवस आंबवतं. छान असते, पण त्यात कुझु नसतो.

म्हणून नारा किंवा योशिनोत असाल तर माझं मत कुझुमोचीला, फक्त एका अटीवर: ती समोर, मागणीनुसार केलेली हवी. मागवण्याआधी तेवढं विचारून घ्या. फ्रिजमध्ये राहिलेली कुझुमोची पांढरी पडते आणि घट्ट होते. पुन्हा गरम केली तर बरीच सुधारते, पण दुकानात ते कोण करून देणार? तिथे सरळ कुझुकिरी घ्या आणि गप्पा नंतर मारा.