फोटोशॉपचं 'स्काय रिप्लेसमेंट': पक्ष्यांच्या फोटोंसाठी कितपत उपयोगी?

फोटोशॉपमध्ये २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं, फोटोतलं आकाश ओळखून त्याजागी दुसरं बसवणारं हे टूल मी गेला पावसाळा आणि हिवाळा पक्ष्यांच्या फोटोंवर सतत वापरतोय. भिगवणला उजनीच्या पाण्यावर सकाळी आभाळ भरलेलं असलं की मागे नुसतं पांढरंफटक येतं आणि मेहनतीने टिपलेला नदी सुरय त्यावर उठूनच दिसत नाही. अशा फोटोंसाठी टूल नक्कीच कामाचं आहे. त्यातली तयार आकाशं मात्र मी आता उघडतही नाही.

कारण प्रकाश. ढगाळ हवेत पक्ष्यावर सगळीकडून मऊ उजेड पडतो, सावली जवळपास नसतेच. त्यामागे निळंशार आकाश टाकलं की पक्षी स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो. 'कलर ॲडजस्टमेंट' सरकवून रंग जुळतो, पण सावली कुठून आणणार? शिवाय फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५०० एमएम लेन्समध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम ५ अंशांचं आकाश मावतं. तेवढ्यात सूर्यास्ताचा अख्खा देखावा येऊच शकत नाही, आणि जो ढग येतो तोही धूसर असतो. म्हणून मी त्याच सकाळी, त्याच लेन्सने, फोकस पक्ष्याच्या अंतरावर ठेवून नुसत्या करड्या ढगांचे फोटो काढतो आणि तेच टूलमध्ये घेतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) तोच असला की फोटोतले दाणेसुद्धा जुळतात.

खरी कसोटी कडांवर लागते. पाणकावळा सोपा, त्याला तर हे टूलही नको. ढगांचा लेयर (थर) वर ठेवून ब्लेंड मोड, म्हणजे थर एकमेकांत मिसळायची पद्धत, 'मल्टिप्लाय' केला की पांढऱ्यावर ढग उमटतात, काळं काळंच राहतं, आणि बारीक काटक्यांमधल्या फटीही आपोआप भरतात. बगळा किंवा उडता रोहित (फ्लेमिंगो) मात्र घाम काढतो. रोहिताच्या पंखांची काळी पिसं स्वच्छ सुटतात, पण मानेची पांढरट कड जळलेल्या, म्हणजे जास्त प्रकाशाने पूर्ण पांढऱ्या झालेल्या आकाशात विरघळून गेलेली असते. मूळ फोटोतच जी कड नाही ती कुठलंही सॉफ्टवेअर शोधून देणार नाही. त्यामुळे फोटो काढतानाच गडद पक्ष्याला एक्स्पोजर (प्रकाशाचं प्रमाण) +१ ठेवा, पांढऱ्याला शून्यावर किंवा त्याखाली आणा. कडांवर लेन्समुळे येणारी जांभळी किनार रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून टाका. मग टूलमधलं, आकाशाची कड सरकवणारं 'शिफ्ट एज' अगदी थोडं हलवा, आउटपुट 'न्यू लेयर्स' (वेगळे थर) घ्या, आणि फडफडणारी पंखांची टोकं व दोन पायांमधली फट मास्कवर (आकाश कुठे दिसावं हे ठरवणाऱ्या थरावर) मऊ ब्रशने हाताने नीट करा. वेळ जातो तो इथेच.

असा फोटो निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धेला पाठवू नका. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'मध्ये मूळ दृश्यात नसलेलं काही घालायला परवानगी नाही, आणि पुढच्या फेरीत गेलेल्यांकडून रॉ फाइल मागवतात. पक्षी नोंदीलाही मूळ फोटोच द्या. घरच्या भिंतीसाठी किंवा ग्रुपवर टाकायला मी बदललेला वापरतो, पण खाली 'आकाश बदललं आहे' असं लिहितोच. पाहणाऱ्याला ते कळायलाच हवं.

आकाश पूर्ण जळलेलं नसेल, ढगांचे थोडे तरी पोत शिल्लक असतील, तर बदलायच्या भानगडीत पडू नका. लाइटरूमच्या 'सिलेक्ट स्काय'ने हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढा, थोडं 'डीहेज' (धूसरपणा कमी करणारं) द्या. बहुतेक फोटोंना तेवढं पुरतं.