आईचे तळवे बरे झाले म्हणून आम्ही खूश होतो

केमोच्या गोळ्यांच्या दुसऱ्या फेरीच्या दहाव्या दिवशी आईने ओट्याशी उभं राहून सहा भाकऱ्या थापल्या आणि आमच्या घरात दिवाळी झाली. पहिल्या फेरीत तिला परातसुद्धा धुता येत नव्हती. तळवे लालबुंद, कोमट पाणी लागलं तरी चुरचुर, पायात चप्पल घालवत नव्हती. आता हात साफ, जुलाब नाहीत, जेवण दोन्ही वेळचं. 'औषध मानवलं' असं मी करमाळ्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना फोन करून कळवलं. त्या चौदा दिवसांत तिच्या पोटात जे गेलं ते कॅन्सरचं औषध नव्हतंच.

आईच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. वय अडुसष्ट, अंगात ताकद बेताची, म्हणून डॉक्टरांनी सलाइनऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. 500 मिलिग्रॅमच्या तीन सकाळी, तीन रात्री, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी, अशा आठ फेऱ्या. म्हणजे फेरीला 84 गोळ्या. आम्हाला वाटलं, गोळीच तर आहे, सलाइनपेक्षा सौम्य असणार. तसं नसतं. ही गोळी शरीरात जाऊन 5-एफयू बनते, आणि ते शिरेतून द्यायचं जुनं, चांगलं जहाल केमोचं औषध आहे. तळव्यांचा लालपणा त्याच्यामुळेच होता.

पहिल्या फेरीच्या गोळ्या हॉस्पिटलच्या औषध काउंटरवरून घेतल्या. छापील किंमत नऊ हजारांच्या वर, काउंटरने लावले साडेपाच. हे लक्षात ठेवा, कारण मी फसले ती इथेच. कॅन्सरच्या पुष्कळ औषधांची छापील किंमत आणि खरी विक्रीची किंमत यांत एवढी दरी असते, की निम्म्या भावात मिळणं संशयास्पद वाटतच नाही. त्यामुळे बाहेर बाकड्यावर भेटलेला माणूस 'तीन हजारांत देतो ताई, थेट स्टॉकिस्टकडून' म्हणाला तेव्हा मला तो लबाड वाटला नाही, काउंटरवालेच लुटारू वाटले.

माणूस बोलायला गोड. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, हातात औषध कंपनीची बॅग. आईला 'मावशी' म्हणायचा, वॉर्डातल्या सिस्टरांची नावं त्याला पाठ. पावती मागितली तर म्हणाला, "पावती घेतली तर जीएसटी बसेल, कशाला उगाच?" छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, एवढं मला कळत होतं. तरी गप्प बसले. अडीच हजार वाचत होते ना! पैसे ज्या नावाने गेले ते त्याच्या ओळखपत्रावरचं नव्हतं, हेही तेव्हाच दिसलं होतं.

गोळ्या वेगळ्या होत्या. आधीच्या फिकट केशरी, गुळगुळीत. या पांढरट, हाताला भुकटी लागणाऱ्या. फोन केला तर "कंपनी बदलली, आत सॉल्ट तेच." आणि वर सल्ला: "मावशींना गिळायला जड जात असतील तर कुटून द्या. आणि हो, सुट्टीचे सात दिवस पाळायची गरज नाही, असर कमी होतो." यातलं दुसरं मी ऐकलं नाही, नशीब. पहिलं ऐकलं. खलबत्त्यात कुटून दिल्या, त्याच खलबत्त्यात आम्ही शेंगदाण्याचं कूट करतो.

तिसऱ्या फेरीआधी रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकून आईचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मी कौतुकाने म्हणाले, "काहीच त्रास नाही झाला या वेळी!" ते हसले नाहीत. त्रास झाला नाही म्हणजे औषध खोटंच असं नसतं, ते म्हणाले. बऱ्याच जणांना थोडकाच होतो. पण आधी एवढे तळवे सोललेले आणि त्याच डोसवर एकदम कोरे? पाकिटं आणलीत का?

पिशवीच्या तळाशी चार होती. सिस्टरने ती उजेडात धरली आणि मिनिटभरात म्हणाली, "बॅच नंबर एकच, एक्स्पायरी दोन वेगवेगळ्या?" एका पाकिटावरची शाई बोटाने पुसली गेली. दोन पाकिटांचा बॅचचा भाग कापलेलाच होता, ते मी घेतानाही पाहिलं होतं. त्यावर ज्या कंपनीचं नाव होतं तिला फोटो पाठवले. असा बॅच आम्ही काढलेलाच नाही, असं लेखी उत्तर आलं.

2024 च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली होती. महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या जमवून त्यांत बुरशीवरचं औषध भरून विकायचे. ती बातमी मी वाचली होती. वाटलं होतं, लाखालाखाच्या इंजेक्शनांचा धंदा तो, आपल्या गोळ्यांवर कोण डोळा ठेवणार?

सिस्टर मग माझ्यावर अर्धा तास बरसली. कुटण्यावरून जास्त. खऱ्या गोळ्या असत्या तर ती भुकटी माझ्या हाताला, नाकात, घरातल्या पोरांच्या कुटात गेली असती. ही गोळी कुटायची नाही, तोडायची नाही, दुसऱ्याने हाताळायची तर हातमोजे घालून. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही. जुलाब रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त झाले किंवा ताप 100.4 च्या वर गेला तर पुढची गोळी न घेता आधी फोन. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. ताकदीच्या गोळ्या, विशेषतः फॉलिक ॲसिडच्या, स्वतःच्या मनाने नाहीत. त्या या औषधाचा त्रास वाढवतात. आणि पावती म्हणजे नुसता आकडा नव्हे: त्यावर औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी हवी, आणि ती पाकिटाशी तिथेच काउंटरवर जुळवायची. आता मी प्रत्येक पाकिटाचा फोटो काढते. रिकामी पाकिटं फेरी संपेपर्यंत टाकत नाही.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. निरीक्षक नीट बोलले, पाकिटं ताब्यात घेतली, पण पहिलाच प्रश्न, "पावती?" पैसे गेल्याची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली, तीही तीन आठवड्यांनी. तोवर खातं रिकामं आणि फोन बंद. जो बाकड्यावर रोज दिसायचा तो एकाही सिस्टरच्या ओळखीचा निघाला नाही. नावं त्याने त्यांच्या छातीवरच्या पट्ट्यांवरून वाचली असणार.

आईला आम्ही खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ते चौदा दिवस फुकट?" डॉक्टरांनी फेऱ्यांचा हिशेब नव्याने मांडला, गोळ्या काउंटरवरून घेतल्या. हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटल्यावर त्यातही सवलत मिळाली. हे आधी विचारायचं मला सुचलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी आईने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. लाल झाले होते. मी तिला मलम लावलं, डॉक्टरांना फोटो पाठवला आणि परातीत पीठ काढलं.