टाकीत माणूस उतरवायचाय, पैसे मोजकेच आहेत: मीटर, ब्लोअर, मास्क की ट्रायपॉड?

माझ्या मावसभावानं यंदा चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यातल्या टाक्या धुवायचं काम घेतलंय, गाळप संपलं की चालू. परवा फोन, "दादा, पैसे मोजकेच हाईत, एकजण गॅस तपासायचा मीटर घे म्हणतोय, एकजण मास्क, काय घेऊ सांग की." त्याला सांगितलेलं इथं जरा सविस्तर लिहितोय, बेळगाव भागात उद्यमबाग, मच्छे, निपाणीकडं अशी कामं घेणारे बरेच आहेत आणि अडतं सगळ्यांचं इथंच.

आधी एक, काम सेप्टिक टँकचं किंवा गटाराचं असेल तर तुलना करायचीच नाही. सेफ्टीच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्यांदाच २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि माणूस गेला तर ३० लाख भरपाई असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय. सक्शनची गाडी बोलवायची. शहापूर-वडगावच्या बोळात गाडी शिरत नाही म्हणतात, खरं पाईप लांब जोडता येतो, ट्रॅक्टरचा टँकर मिळतो, आणि गाळ वाळून घट्ट झाला असेल तर वरनं पाण्याचा जेट मारून सैल करायचा. मैला ढवळला की हायड्रोजन सल्फाईड एकदम सुटतो, आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटून माणूस अजून खाली जातो.

आता कारखान्याच्या टाक्या. इथं पहिला पैसा मीटरवर. नुसता ऑक्सिजनचा किंवा नुसता हायड्रोजन सल्फाईडचा मीटर स्वस्त पडतो, खरं तो एकच गोष्ट बघतो. चार गॅसवाला ऑक्सिजन, पेटणारा गॅस, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड दाखवतो, फाउंड्रीच्या, फॅब्रिकेशनच्या बहुतेक कामांना तो पुरे. मळीच्या टाकीला मात्र पुरत नाही, आणि हे दुकानदार सांगत नाही. तळाला राहिलेल्या मळीत पाणी गेलं की ती आंबते, कार्बन डायऑक्साईड सुटतो, तो हवेपेक्षा जड म्हणून तळाला साचतो. हवेत तो ४ टक्के मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरनं जेमतेम २० वर येतो, मीटरचा अलार्म असतो १९.५ ला. आणि ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम, जिवाला तातडीचा धोका मानतात तोच आकडा, तरी मीटर गप्प! म्हणून साखर कारखाना किंवा डिस्टिलरी असेल तर कार्बन डायऑक्साईडचा सेन्सर असलेलाच मागा, जास्त पैसे गेले तरी चालतील. पंप आणि नळीवाला घ्या, म्हणजे बाहेर उभं राहून वर, मधे, तळाला असं तीन ठिकाणी तपासता येतं, आणि आत गेलेल्याच्या अंगावर मीटर शेवटपर्यंत चालू पाहिजे.

ब्लोअर की मास्क? मी ब्लोअर म्हणेन. डक्ट (हवेची जाड नळी) तळापर्यंत सोडायचा, ताजी हवा आत ढकलायची, आणि ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या धुराकडं नको. कटिंग सेटचा ऑक्सिजन टाकीत सोडणारे मी डोळ्यानं बघितलेत, कृपा करून करू नका, ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की एका ठिणगीनं कपडे भडकतात. मास्कमधे फिल्टरवाला तर घ्यायचाच नाही, तो हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. पाठीवरच्या सिलिंडरचा चांगला, खरं ६ लिटर, ३०० बारच्या बाटल्यात साधारण १,८०० लिटर हवा, कामाच्या दमात ४०-४५ मिनिटं, त्यातली शेवटची बाहेर यायला राखून ठेवायची. शिवाय अरुंद मॅनहोलमधनं सिलिंडरसकट माणूस शिरत नाही, आणि शिकवल्याशिवाय तो कुणाच्या पाठीवर चढवायचा नाही.

ट्रायपॉड (मॅनहोलवर उभी करायची तिपाई), विंच (दोर गुंडाळून माणूस वर ओढायचं यंत्र) आणि अंगभर हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), यात काटकसर नको. मी पूर्वी होतो तिथं टाकीत आतनं पेंट मारताना एक पोरगं थिनरच्या वाफेनं पडलं, त्याला काढायला सुपरवायझर तसाच उतरला आणि तोही बसला. दोघं वाचले, मॅनहोल मोठं होतं म्हणून. वरनं ओढायची सोय असती तर दुसऱ्यानं उतरायची वेळच आली नसती. नोव्हेंबर २०२५ पर्यंत चाललेल्या १९४८च्या फॅक्टरी ॲक्टात कलम ३६ मधे पट्टा, दोर आणि दोराचं टोक धरून बाहेर उभा माणूस लिहिलेलाच होता. फक्त मॅनहोल टाकीच्या बाजूला असेल तर ट्रायपॉड कामाचा नाही, आणि मळीच्या टाक्यांना बऱ्याचदा तसंच असतं, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी टाकी बघून या.

भावाला मी म्हटलं, पाच गॅसचा (चार आणि कार्बन डायऑक्साईड) मीटर आणि दोन हार्नेस विकत घे, ब्लोअर भाड्यानं आण, वरच्या मॅनहोलच्या टाक्या असतील तरच ट्रायपॉड, आणि सिलिंडरचा सेट लागणारच असेल तर वापरणाऱ्या माणसासकट कारखान्याकडं माग, तसं करारातच लिहून घे. मीटर आला की बंप टेस्ट (थोडा गॅस देऊन अलार्म वाजतो का ते बघणं) कशी करायची ते दाखवायला रविवारी जाणार आहे.