तालुक्याच्या गावातलं खेळघर: विशेष लेकरांना नेण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक सेवाभावी संस्था विशेष गरजा असलेल्या लेकरांसाठी खेळघर चालवते. पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र मागत नाहीत, बहीण-भावंडांनाही आत घेतात. आम्हाला सगळ्यात आवडलं ते हे, की इथे खेळाचा उपचार केलेला नाही. चेंडू किती वेळा पकडला, याची वही कोणी भरत नाही. फिजिओथेरपी हवीच, पण आठवडाभर व्यायाम करणाऱ्या लेकराला नुसतं खेळायलाही मिळायला पाहिजे.

झोके दोन आहेत. जाळीचा गोल झोका मोठा आहे. बसता न येणारं लेकरू त्यात आडवं पडून झुलतं, शेजारी भावंडही मावतं. दुसरा उंच पाठीचा, पट्ट्यांचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या लेकराला यात बसवताना आधी कंबर मागे टेकवून तिथला पट्टा आवळायचा, मग खांद्यांचे. उलट केलं की कंबर पुढे घसरते आणि वरचे पट्टे मानेशी येतात. जुने कार्यकर्ते हे चोख करतात. नवे स्वयंसेवक घाई करतात, तेव्हा एकदा स्वतः बघून घ्या.

घुंगराचा चेंडू अंध मुलांसाठी आहे. मातीत त्याचा आवाज दबतो, म्हणून फरशीवरच खेळवतात. तान्ह्या पोळ्याची, म्हणजे लेकरांनी लाकडी नंदी ओढत नेण्याच्या सणाची, तयारी तर खास: मूठ वळत नाही त्या लेकरासाठी लाकडी नंदीच्या दोरीला रुंद कापडी पट्टा शिवलेला असतो, तो मनगटात अडकतो. ही दोरी व्हीलचेअरला मात्र बांधू नका, पुढच्या लहान चाकात गुंतते.

आता रॅम्प. जोतं ४५ सेंटीमीटर उंच आहे. एकास बारा हा उतार (एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी) धरला तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा; इथला जेमतेम तीन मीटर आहे. चढवताना दम लागतो, उतरवताना खुर्ची हातातून सुटते. उतरताना खुर्ची उलटी धरून, पाठीकडून खाली आणा. शिवाय तो काळ्या मातीवर थेट ओतलेला आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे रॅम्प आणि ओट्याच्या सांध्यात फट पडली आहे आणि लहान चाकं नेमकी तिथे अडकतात. वरून सिमेंट लिंपून हे टिकणार नाही. खालची काळी माती काढून, मुरूम भरून, नीट ठोकून पुन्हा करावं लागेल. देणगी द्यायची असेल तर नव्या खेळण्यांपेक्षा यासाठी द्या.

छप्पर टिनाचं आहे. जोराचा पाऊस आला की ऑटिझम असलेली मुलं कान दाबून कोपरा धरतात. कान झाकायचे हेडफोन आहेत, पण पुरत नाहीत. घरचे असतील तर न्या. पुढे काय होणार हे दाखवणारा चित्रांचा तक्ता दाराशीच आहे, त्याने बरीच मदत होते.

उन्हाळ्यात सकाळी लवकरच जा. घसरगुंडी पत्र्याची आहे. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या काही लेकरांना पायात जाणीव नसते, त्यांना चटका कळतच नाही. फोड नंतर दिसतो. आधी हाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवून बघा.

पाण्याचा टब लेकरांना फार आवडतो. पण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही त्याची नोंद आहे. अशा लेकराला गार पाणी, दमणूक आणि कमी पाणी पिणं, तिन्हींनी दुखणं उठू शकतं. कार्यकर्ते आपण होऊन विचारत नाहीत, त्यांनी विचारायला हवं. सिकलसेल असो की फिट्स, पहिल्याच दिवशी त्यांच्या वहीत लिहून द्या आणि फिट आल्यावर द्यायचं डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सोबत ठेवा.